टेकडीवरून पाच वॉट: सीक्यू वर्ल्ड वाइडच्या प्रकल्प नोंदी

१ सप्टेंबर २०२४, रविवार

ठरलं. यंदा सीक्यू वर्ल्ड वाइड या हौशी रेडिओच्या जागतिक स्पर्धेत, तिच्या सीडब्ल्यू म्हणजे मोर्सच्या भागात, घरून नाही, टेकडीवरून उतरायचं. पाच वॉट, बॅटरी आणि एक तार.

कारण आजच लिहून ठेवते, म्हणजे मधेच उत्साह ओसरला तर वाचता येईल. घरी शंभर वॉट आहेत, पण ४० मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यावर (बँडवर) गोंगाट सिग्नलच्या मीटरवर एस-७ च्या खाली उतरतच नाही. मोबाइलचे चार्जर, एलईडी दिवे, कुठल्याशा छपरावरचा सोलर इन्व्हर्टर, सगळ्यांची कुरकुर माझ्या अँटेनात येते. गेल्या वर्षी लोक मला उत्तर देत होते आणि मलाच ते ऐकू येत नव्हते. मार्चमध्ये एकदा रेडिओ टेकडीवर नेला. अँटेना जोडल्यावर वाटलं, प्लग नीट बसलेला नाही, इतकं शांत. मग डायल फिरवला तर कुजबुजीएवढे सिग्नलही स्वच्छ वाचता येत होते. त्या शांततेसाठी ९५ वॉट सोडायला मी तयार आहे.

किती सोडतेय याचा हिशेब: शंभरावरून पाच म्हणजे १३ डेसिबल. एक एस-युनिट ६ डेसिबलचं, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर मी दोन एस-युनिटं आणि वर थोडी, एवढी खाली जाणार. हे काही कमी नाही, पण रसातळही नाही. मोठ्या गटातले १५०० वॉट वापरतात. त्यांच्यापुढे मी चार एस-युनिटं खाली असेन.

स्पर्धा २३-२४ नोव्हेंबरला. शनिवार ००:०० ते रविवार २३:५९, पूर्ण ४८ तास. (या वहीतल्या सगळ्या वेळा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ; भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे.) देवाणघेवाण छोटी: सिग्नलचा अहवाल आणि सीक्यू झोनचा क्रमांक. जगाचे ४० झोन आहेत. प्रत्येक बँडवर नवीन झोन आणि नवीन देश हे मल्टिप्लायर, म्हणजे त्यांच्या संख्येने गुणांना गुणायचं. दुसऱ्या खंडातल्या संपर्काला ३ गुण, आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशाला १ (उत्तर अमेरिकेतल्यांना २), आपल्याच देशाला शून्य, पण मल्टिप्लायर म्हणून तोही चालतो. मी एकल, सर्व बँड, क्यूआरपी (पाच वॉटपर्यंत), विनासाहाय्य. म्हणजे कुठलं स्टेशन कुठे आहे हे सांगणारं क्लस्टर बंद. जे सापडेल ते कानांनी.

१६० आणि ८० मीटर सोडून देतेय. एवढ्या कमी शक्तीला तिथे लांब अँटेना लागेल आणि ती मला एकटीला टेकडीवर टांगता येणार नाही.

८ सप्टेंबर

ट्रान्सफॉर्मर गुंडाळला. अँटेना टोकाकडून पुरवठा घेणारी अर्धतरंगी तार असणार. तिचा फायदा एवढाच की एक टोक माझ्यापाशी, दुसरं मास्टच्या (उंच काठीच्या) शेंड्यावर, आणि ४०, २०, १५, १० हे चारही बँड ट्यूनरशिवाय. अर्धतरंगी तारेच्या मधोमध प्रवाह सर्वाधिक असतो आणि टोकाशी जवळजवळ नसतो. टोकाशी व्होल्टेज मात्र भरपूर, म्हणून तिथला प्रतिबाध (इम्पीडन्स) अडीच-तीन हजार ओहमच्या घरात जातो. रेडिओला हवेत ५०. प्राथमिक बाजूला २ वेढे, दुय्यम बाजूला १४. वेढ्यांचं गुणोत्तर १:७, त्याचा वर्ग ४९. २४५० ओहमचे ५० होतात.

वेढे ज्यावर घातले ते फेराइटचं कडं एफटी-१४०-४३. पाच वॉटला हे पुरून उरतं. प्राथमिक बाजूला समांतर १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर लावला, नाहीतर १० मीटरवर ट्रान्सफॉर्मर अडखळतो.

दुय्यम बाजूला २४५० ओहमचा रोधक लावून नॅनोव्हीएनए या अँटेना मोजायच्या छोट्या यंत्रावर पाहिलं. ७ मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर (जुळणीचं माप, १ म्हणजे अचूक) १.२, २८ ला १.६. दोनदा उकलून पुन्हा गुंडाळल्यावर हे आकडे आले. वेढे कड्यावर एकाच बाजूला दाटले की वरच्या बँडवर लगेच फरक पडतो.

१५ सप्टेंबर

आजचा दिवस तारेचा, आणि आज मी सगळ्यात जास्त शिकले.

१० मीटरचा फायबरग्लासचा दुर्बिणीसारखा उघडणारा मास्ट, तार तिरकी. मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने १४३ ला भागलं की अर्धतरंगाची लांबी मीटरमध्ये येते, म्हणजे ७.०३ साठी सुमारे २०.३ मीटर. थोडी जास्त कापून छाटत आणली. ४० मीटरवर उत्तम: ७.०२ ला एसडब्ल्यूआरचा तळ. मग वरचे बँड पाहिले. १४.२७, २१.५२, २८.८५.

पुस्तकी मन म्हणतं की ७.०२ ची दुप्पट १४.०४ आणि चौपट २८.०८. तसं होत नाही, आणि त्याचं कारण कळल्यावर फार बरं वाटलं. तारेच्या टोकांपाशी थोडी धारिता असते. तिच्यामुळे तार आहे त्याहून लांब असल्यासारखी वागते, म्हणून आपण ती मोकळ्या अवकाशातल्या अर्ध्या तरंगापेक्षा जराशी आखूड कापतो. पण टोकं दोनच. चौथ्या हार्मोनिकवर (चौपट फ्रिक्वेन्सीवर) तारेत चार अर्धतरंग बसतात आणि ती आखूड करण्याची सवलत एकदाच मिळते, चारदा नाही. म्हणून वरचे बँड सरकून आणखी वर जातात.

तार लांबवली तर १० मीटर जागेवर येईल, पण ४० मीटर बँडच्या खाली घसरेल. उपाय जुना आहे आणि अनेकांनी वापरलेला: ट्रान्सफॉर्मरपासून सुमारे २ मीटरवर तारेतच एक लहानशी कॉइल. जागा तीच का? १० मीटर बँडवर पाव तरंग अडीच मीटरचा, म्हणजे टोकापासून तेवढ्या अंतरावर प्रवाहाचा डोंगर. कॉइलचा परिणाम प्रवाहावर होतो, म्हणून १० मीटरवर ती जोरात खाली खेचते. ४० मीटरवर तेच ठिकाण टोकाच्या जवळचं, तिथे प्रवाह थोडा, म्हणून तिथे ती जेमतेम जाणवते. एकच कॉइल प्रत्येक बँडला त्याच्या त्याच्या गरजेएवढा धक्का देते. मला हे फारच सुंदर वाटतं.

१८ सप्टेंबर

प्लास्टिकच्या नळीवर सहा वेढे, साधारण एक मायक्रोहेन्री. आता ६.९८, १४.११, २१.२०, २८.१०. तारेतून ५ सेंटिमीटर कापले. चारही बँडच्या सीडब्ल्यू भागात एसडब्ल्यूआर २ च्या आत. २ ला परत येणारी शक्ती ११ टक्के. त्यासाठी आणखी कुरतडत बसणार नाही.

२९ सप्टेंबर

कोअक्सला, म्हणजे रेडिओपासून अँटेनापर्यंतच्या केबलला, हात लावला की एसडब्ल्यूआर बदलतो. मोर्स पाठवायचं पॅडल उचललं तरी बदलतो. म्हणजे कोअक्सच्या जाळीची बाहेरची बाजू अँटेनाचाच भाग झालीय. टोकाकडून दिलेल्या तारेला प्रवाह परतायला काहीतरी लागतंच, आणि वेगळी तार दिली नाही तर ती कोअक्स घेते.

दोन वाटा होत्या. ट्रान्सफॉर्मरपाशीच चोक (जाळीबाहेरचा प्रवाह अडवणारी कॉइल) लावून वेगळी प्रतितार अंथरायची, किंवा पाच मीटर कोअक्सलाच ते काम देऊन चोक रेडिओपाशी लावायचा. दुसरी निवडली, एक वस्तू कमी. ३१ क्रमांकाच्या फेराइटच्या कड्यातून पातळ आरजी-१७४ कोअक्सचे ११ वेढे. आता रेडिओ उचलला, ठेवला, पॅडल पकडलं, काटा स्थिर. आणि जे अपेक्षित नव्हतं तेही झालं: ऐकण्यातली बारीक खरखरही कमी झाली.

१० ऑक्टोबर, गुरुवार

रात्र वाया गेली, तरी सविस्तर लिहितेय.

अंगणात अँटेना उभी केली होती. १६:३० च्या सुमारास २० मीटर लावला. काहीच नाही. १५ नाही. ४० वर दोन-चार सिग्नल, तेही थरथरणारे, जणू पाण्याखालून येताहेत. कालच इथे बँड गजबजलेला होता. पहिला संशय ट्रान्सफॉर्मरवर. खोका उघडला, कपॅसिटर सोल्डरमधून काढला, दुसरा लावला. तेच. मग कॉइलचे सांधे, मग चोक, मग कोअक्सचा प्लग कापून नवीन. १८:३० पर्यंत टेबलावर सगळं सुटं पडलं होतं.

शेवटी काकांना फोन केला. मोर्स मी त्यांच्याकडेच शिकले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अगं, के-इंडेक्स बघितलास का?"

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची अस्वस्थता दाखवणारा तो आकडा नव्हता बघितला. ९ तारखेला सूर्यावर एक्स-१.८ चा भडका उडाला होता, त्याच्याबरोबर निघालेला प्लाझ्मा आज १५:१५ च्या सुमारास पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळला. जी-४ दर्जाचं वादळ, पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीवर वरून दुसरी. अशा वेळी आयनांबराच्या एफ थरातली इलेक्ट्रॉनांची दाटी घटू शकते, मग वरच्या फ्रिक्वेन्सी परत न वळता सरळ अवकाशात जातात. ध्रुवांजवळून जाणारे मार्ग तर आधी मिटतात. माझ्या ट्रान्सफॉर्मरचा काही दोष नव्हता.

"बँड मेलाय असं वाटलं की आधी मोजायचं," काका म्हणाले. "व्हीएनए पाच मिनिटांत सांगतो तार ठीक आहे की नाही. तार ठीक असेल तर वर बघ, हातात सोल्डरिंग आयर्न घेऊ नकोस."

१२ ऑक्टोबर

सगळं पुन्हा जोडलं, मोजलं. आकडे १८ सप्टेंबरचेच. वहीच्या आतल्या पानावर लिहिलं: प्रथम व्हीएनए, मग के-इंडेक्स, मग पेचकस.

२० ऑक्टोबर

शक्तीचा हिशेब.

रेडिओ ऐकताना ०.४५ अँपिअर घेतो, पाच वॉट पाठवताना सुमारे २. पोर्टेबल म्हटलं की लोकांना पाठवण्याच्या खर्चाची काळजी वाटते, पण मी दहातला जेमतेम एक भाग पाठवणार, बाकी सगळा वेळ ऐकणार. सरासरी ०.६ अँपिअर धरली. चोवीस तास बसले तर साडेचौदा अँपिअर-तास. २० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी माझ्याकडे आहे: चार सेल एकामागे एक, १२.८ व्होल्ट. ती शेवटपर्यंत व्होल्टेज जवळजवळ सपाट ठेवते. रेडिओच्या दृष्टीने उत्तम, पण व्होल्टमीटर पाहून किती उरलं ते कळत नाही. म्हणून मधे अँपिअर-तास मोजणारा छोटा मीटर बसवला.

मग संपर्कांची नोंद (लॉग) ठेवायचा लॅपटॉप मोजला. पडदा मंद करूनही १२ वॉट. म्हणजे जवळजवळ एक अँपिअर, रेडिओपेक्षा जास्त! दुसरी बॅटरी उचलायची, की लॅपटॉप सोडायचा?

रात्रभर विचार केला. कागदी लॉग. क्यूआरपीवर तासाला वीस संपर्क झाले तरी खूप, तेवढं हाताने लिहिता येतं. कोणाला आधीच गाठलंय ते बघायला प्रत्येक बँडसाठी एक तक्ता, कॉलसाइनच्या (स्टेशनच्या अक्षर-अंकी नावाच्या) शेवटच्या अक्षराप्रमाणे रकाने. संगणकाआधी सगळे असंच करत होते, आणि ही स्पर्धा तर १९४८ पासून चालू आहे. चुकून दुहेरी संपर्क झाला तर दंड नाही, पण माझ्यासाठी तो वाया गेलेला वेळ आहे.

ध्वनिमुद्रणासाठी हेडफोनच्या दुसऱ्या फाट्यावर छोटा रेकॉर्डर, स्वतःच्या सेलवर चालणारा. नंतर ऐकून शिकायला.

२७ ऑक्टोबर

याच स्पर्धेचा आवाजी भाग या आठवड्याअखेरीस होता. रंगीत तालीम म्हणून चार तास टेकडीवर. एसएसबीवर (म्हणजे आवाजाने) पाच वॉटने १० मीटरवर ३१ संपर्क. सूर्य सध्या २५ व्या चक्राच्या माथ्यावर आहे, त्यामुळे १० मीटर असा उघडलाय की अशी वर्षं दशकातून एकदा येतात. २० मीटरवर मात्र गर्दीत माझा आवाज विरून गेला. सीडब्ल्यूवर तीच शक्ती अरुंद पट्ट्यात एकवटते, कानही पाचशे हर्ट्झच्या फिल्टरने चिमटीत धरता येतो. नोव्हेंबरची निवड बरोबर आहे याची खात्री पटली.

मास्टचा तिसरा जोड घसरतोय. प्रत्येक जोडावर रबरी पट्टी.

६ नोव्हेंबर, बुधवार

सीडब्ल्यूऑप्स या मोर्स क्लबच्या तासाभराच्या साप्ताहिक स्पर्धेत बसले, १३:०० ते १४:००. घरून, पण रेडिओ पाच वॉटवर आणि लॉग कागदावर. २२ संपर्क. वेग अंगावर येतो. मोठे लोक मिनिटाला ३० च्या वर शब्द मारतात. कॉलसाइन एका झटक्यात उतरतं, पण लिहितालिहिता पुढचं सुटतं. डाव्या हाताने पॅडल, उजव्याने पेन्सिल असं करून पाहिलं. पहिली वीस मिनिटं डावा हात ठिपके गिळत होता, मग सरावला. हेच ठेवते.

काका ऐकत होते. नंतर म्हणाले, "पाइलअपमधे, एकाच स्टेशनला सगळे हाका मारत असताना, तू सगळ्यांबरोबर हाक मारतेस. ते शंभर वॉटवाले एकाच क्षणी सुरू होतात आणि एकाच क्षणी संपतात. तू अर्धा श्वास थांब. ते संपले की तुझी शेवटची दोन अक्षरं मोकळ्यावर पडू देत. आणि ऐन त्याच फ्रिक्वेन्सीवर नको, शंभर हर्ट्झ वर जा. वेगळा सूर कानाला लवकर सापडतो."

मोर्स रनर या सरावाच्या प्रोग्रॅममध्ये मी पाइलअप चालवणाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहिलं. खरंच, उशिरा संपणारी आणि निराळ्या सुराची हाक आधी टिपली जाते. मी स्वतःच तिला आधी उत्तर देत होते.

१६ नोव्हेंबर

अंधारात उभारणीचा सराव. डोक्यावरचा दिवा लाल. मास्ट, तीन ताणदोर, तार, कोअक्स, चोक, बॅटरी. पहिल्यांदा ३४ मिनिटं, कारण तार पिशवीत गुंतली होती. तिला आठच्या आकारात गुंडाळून पुन्हा केलं: १९. तार फेकून गुंडाळायची नाही, आठच. तंबूत बसल्यावर हात लांब न करता काय काय मिळतं ते पाहिलं. पेन्सिली तीन, दोरीने बांधलेल्या.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी वर पोचले. ओझं १४ किलो, त्यात पाणी ५. काका मास्ट धरायला पायथ्यापासून आले आणि उतरून गेले. यापुढे रेडिओ, लॉग, सगळं एकटीने, नियमच तो. तारेचं उंच टोक ९ मीटरवर. व्हीएनए: चारही बँड जागेवर. गोंगाट ४० मीटरवर एस-१.

२३ नोव्हेंबर, शनिवार

००:०० ला ४० मीटर. सुरुवातीच्या क्षणी बँड असा काही भरतो की डायलच्या एका केसाएवढ्या हालचालीत तीन स्टेशनं. पहिला संपर्क ००:०२ ला. तो दुसऱ्या हाकेला मिळाला. सगळ्यात जोरदार स्टेशनं आधी, त्यांच्या अँटेना मोठ्या असतात आणि माझं कुजबुजणंही ते ऐकतात. पहिल्या तासात १७.

उजाडल्यावर २०, मग १५. तालिका भरत गेली, नवे झोन, नवे देश. ०४:०० च्या सुमारास १० मीटरवर गेले आणि तिथून सहा तास हललेच नाही. झोन २५ चे जपानी ऑपरेटर शिस्तीचे: एकाला बोलावलं की बाकीचे गप्प. दुपारनंतर युरोप उघडला. कॅनरी बेटांवरचं एक स्टेशन, झोन ३३, नवा मल्टिप्लायर. पाइलअप जाडजूड. काकांचं ऐकलं. अर्धा श्वास, शंभर हर्ट्झ वर. पाचव्या हाकेला त्याने माझी शेवटची दोन अक्षरं आणि प्रश्नचिन्ह पाठवलं. सगळे थांबले. त्या शांततेत माझं पूर्ण कॉलसाइन एकटंच गेलं. हात कापत होता, पण ठिपके नीट पडले.

स्वतःची फ्रिक्वेन्सी धरून सीक्यू (कोणीही उत्तर द्या, अशी हाक) देण्याचाही प्रयत्न केला, २८.०७८ वर, गर्दीच्या वर. वीस मिनिटांत ११ जण आले, मग कोणीतरी मोठं शेजारी येऊन बसलं. त्याला मी ऐकूच आले नसेन. डायल फिरवून पुढे निघाले. क्यूआरपीचं खरं काम फिरतं आहे: खालून वर, पुन्हा खालून वर. जिथे हाकेला तीनदा उत्तर नाही तिथे फ्रिक्वेन्सी टिपून पुढे, अर्ध्या तासाने परत. तोवर तिथली गर्दी पांगलेली असते.

१८:०० ला झोपले. दिवसभरात १५८.

२४ नोव्हेंबर, रविवार

००:१० ला ४० मीटर. रात्रीत दव पडलं, तार ओली, पण एसडब्ल्यूआर तसाच.

०२:१४ ला ४० मीटरवर एक क्षीण स्टेशन, सिग्नल लाटेसारखा वर येई आणि बुडे. तीनदा विचारलं. उतरवलं, पण शेवटच्या अक्षराखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवली.

०३:४० ला रेडिओ बंद. त्याचा पडदाही काळा. मग परत चालू, मग बंद. वहीचं पान आठवलं आणि आधी मोजलं: बॅटरीला १३.१ व्होल्ट, मीटरपर्यंत १३.१, रेडिओच्या वायरीच्या टोकाला कधी १३, कधी शून्य. माझ्याच हातचा पुरवठ्याचा प्लग, आतला सांधा थंड सोल्डरचा. जोडलेला दिसत होता, चिकटलेला नव्हता. टेकडीवर आयर्न नाही. प्लग कापला, सुटी वायर जादा जोडणीला पिळून बांधली, टेप. सव्वीस मिनिटं गेली. अँटेनाचा प्रत्येक सांधा मी दोनदा तपासला होता आणि हा एकदाही नाही, कारण तो घरी टेबलावर नेहमी चालत आला होता. टेबलावर तो कधी हललाच नव्हता.

त्यानंतर १० मीटर पुन्हा उदार. एका स्टेशनचं प्रिफिक्स (कॉलसाइनचा सुरुवातीचा भाग) इतकं अनोळखी की मी दोनदा ऐकूनही प्रश्नचिन्ह लावलं. नेहमीच्या प्रिफिक्समध्ये एका अंकाचा फरक असता तर सहज बसलं असतं. जे ऐकलं तेच लिहिलं.

२१:३० ला थांबले. मीटर: १२.६ अँपिअर-तास. एकूण २२ तास बसले.

२५ नोव्हेंबर

२६७ संपर्क: ४० वर ३८, २० वर ६१, १५ वर ७२, १० वर ९६. गुण ७२१. मल्टिप्लायर २०१ (झोन ६२, देश १३९). दावा १,४४,९२१.

आता कागदावरून कॅब्रिलो फाइल, म्हणजे लॉग पाठवायचा ठरलेला नमुना. इथे एक निर्णय होता. लॉगिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पर्धेतल्या ओळखीच्या कॉलसाइनांची यादी असते. टाइप करताना अनोळखी कॉल लाल होतो आणि शेजारी "हे तर नव्हे?" असे पर्याय येतात. स्पर्धेच्या वेळी कोणी ती यादी वापरली तर गोष्ट वेगळी. पण स्पर्धा संपल्यावर कुठल्याही यादीवरून किंवा ध्वनिमुद्रणावरून कॉलसाइन सुधारायला नियमात मनाई आहे. टाइप करण्याआधीच ती यादी काढून टाकली. रेकॉर्डर कपाटात ठेवला. रेघ मारलेलं अक्षर आणि प्रश्नचिन्हाचं प्रिफिक्स, दोन्ही कागदावर होते तसेच गेले.

२७ नोव्हेंबर

लॉग पाठवला. मुदत स्पर्धेनंतर पाच दिवसांची, दोन दिवस राखून. पोच आली.

३० नोव्हेंबर

मुदत काल संपली. आज रेकॉर्डर काढला.

अनोळखी प्रिफिक्स बरोबर होतं. मुद्रणात तीन वेळा, स्पष्ट. यादी चालू ठेवली असती तर मी नक्की ते "दुरुस्त" केलं असतं.

०२:१४ चं चूक होतं. मी शेवटी एस लिहिला, तीन ठिपके. हेडफोन दाबून दहा वेळा ऐकलं. सिग्नल बुडत असताना चौथा ठिपका येतो, अगदी शेवटाला, श्वासाएवढा. एच आहे. दुसऱ्यांदा त्याने पाठवलं तेव्हाही चार होते, आणि तेव्हा मी आधीच एस लिहून मोकळी झाले होते, चौथा ऐकायला कान उघडेच नव्हते. तो संपर्क तपासणीत जाईल, दंडासकट. २६७ चे बहुधा २६६.

आजपासून मोर्स रनर रोज दहा मिनिटं, फक्त ठिपक्यांची अक्षरं असलेल्या कॉलसाइनांवर: ई, आय, एस, एच, ५. सिग्नलची भरती-ओहोटी पूर्ण वाढवून.

पुरवठ्याचा नवीन प्लग लावला, यावेळी सोल्डर नाही, दाबून बसवलेला. टेबलाच्या कडेला टांगून शंभर वेळा हलवला. मीटरचा काटा हलला नाही.